‘हरताना उठू नका, पत्ते फिरतातच’: पोकरमधल्या एका घातक सल्ल्याचा प्रतिवाद

ऑनलाइन पोकर खेळायला लागलेल्या माणसाला कुणीतरी हा सल्ला देतंच: हरत असाल तर टेबल सोडू नका, पत्ते फिरतातच. जिंकत असाल तर नफा घेऊन उठा. लवकर भरून काढायचं असेल तर वरच्या, म्हणजे जास्त रकमेच्या टेबलावर जा. खेळ चांगला असेल तर शेवटी सगळं वसूल होतं. ऐकायला हे अनुभवाचे बोल वाटतात. मला मात्र यातलं एकही वाक्य मान्य नाही. खराब पत्त्यांपेक्षा या सल्ल्यापायी जास्त पैसे जातात, असं माझं ठाम मत आहे.

‘पत्ते फिरतातच’

प्रत्येक डावाला पत्त्यांचा कॅट नव्याने पिसला जातो. मागच्या चाळीस डावांत तुमचं काय झालं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. दोनशे डाव आली नाही म्हणून ती पुढच्या एकवीस डावांत यायलाच हवी, असं काही नाही.

आणि आली तरी काय? तुमच्याकडे एक्के, समोरच्याकडे राजे, दोघांचेही सगळे पैसे फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधीच मध्ये. याहून चांगली स्थिती क्वचितच मिळते. तरीही तुम्ही साधारण ८२ टक्के वेळाच जिंकता. असे पाच डाव आले तर पाचही जिंकण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावर, तिसरा राजा पडला की पोटात खड्डा पडतो हे खरं, पण त्यात अघटित काही घडलेलं नसतं.

‘नाही फिरले, तर साइट फिक्स आहे’

ऑनलाइन पोकरमध्ये घोटाळे झालेच नाहीत, असं मी म्हणत नाही. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकरची पत्ते पिसण्याची पद्धत इतकी कच्ची निघाली की संगणकतज्ज्ञांनी पुढचे पत्ते ओळखून दाखवले. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर काही खात्यांना सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. पण ही दोन्ही प्रकरणं उघडकीला आली ती प्रोग्राम आणि डावांच्या नोंदी तपासल्यामुळे. संशय असेल तर तुमच्या हजारो डावांच्या नोंदी काढा आणि तपासा. तीन वेळा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) लागला नाही, हा पुरावा नाही. फ्लॉपवर चार पत्ते जुळलेले असले तरी रिव्हरपर्यंत फ्लश साधारण ३५ टक्के वेळाच लागतो.

‘हरताना बसा, जिंकताना उठा’

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हा नियम पाळणाऱ्याचे तास कुठे जातात ते पाहा. जिंकत असतो तेव्हा बहुधा तो शांत असतो, नीट विचार करत असतो, आणि टेबलावर ढिसाळ खेळणारं कुणीतरी असतं. नेमका तेव्हा तो तासाभरात उठतो. हरत असतो तेव्हा चिडलेला असतो, थकलेला असतो, कदाचित समोरचे त्याच्यापेक्षा सरस असतात. तिथे तो पहाटेपर्यंत बसतो. म्हणजे चांगला खेळ थोडा वेळ, वाईट खेळ रात्रभर. महिन्याचा हिशेब यातूनच ठरतो.

टिल्ट (हरल्याच्या रागात खेळ बिघडणं) म्हणजे टेबलावर आरडाओरडा, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात तो गुपचूप येतो. पहिल्या तासात टाकून दिलेले पत्ते चौथ्या तासात खेळावेसे वाटतात. रिव्हरवर समोरच्याने मोठी बेट लावली, आपण हरलोय हे कळतंय, तरी ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कॉल केला जातो, म्हणजे तेवढेच पैसे घातले जातात. ट्रॅकर (डावांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर हरलेल्या बैठकींत पहिल्या आणि शेवटच्या तासात किती टक्के डावांत स्वतःहून पैसे घातले, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. आकडा चढलेला दिसला तर तुम्ही उशिरा उठताय.

उठायचं की नाही हे खात्यातल्या आकड्यावर ठरवू नये. टेबल अजून सोपं आहे का, आणि मी पहिल्या तासासारखाच खेळतोय का, एवढंच विचारावं. तीन बाय-इन (टेबलावर बसताना घेऊन बसायची रक्कम) गेले की उठायचं, अशी मर्यादा घालणं मला पटतं. त्याने पत्ते सुधारत नाहीत, पण डोकं बिघडल्यावर ते आपल्याला स्वतःला कळत नाही, म्हणून नियम आधीच ठरलेला बरा.

‘वरच्या टेबलावर जाऊन भरून काढा’

तुमच्याकडे ३० बाय-इन होते, १० गेले, २० उरले. दुप्पट ब्लाइंडच्या (डावाआधी सक्तीने लावायच्या रकमेच्या) टेबलावर तेच १० होतात. वर तिथले खेळाडू जास्त तयारीचे. पैसे कमी झाले की लावायची रक्कमही कमी करावी, हे बेल लॅब्जचे संशोधक जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सूत्रातून सरळ निघतं. घसरण चालू असताना खालच्या टेबलावर जाणं कमीपणाचं वाटतं, पण बँकरोल (खेळासाठी वेगळे ठेवलेले पैसे) टिकतो तो त्यामुळेच.

‘चांगल्याचं शेवटी वसूल होतंच’

हे ‘शेवटी’ किती लांब असतं? समजा, तुम्ही शंभर डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (दोन सक्तीच्या रकमांतली मोठी) जिंकता. हा उत्तम वेग आहे. शंभर डावांतला चढउतार (प्रमाण विचलन) ९० बिग ब्लाइंड धरू, नो-लिमिटमध्ये, म्हणजे बेटवर मर्यादा नसलेल्या प्रकारात, तो एवढा असतोच. १०,००० डावांनंतर अपेक्षित नफा ५०० होतो, पण चढउतार असतो ९०० चा. म्हणजे दहापैकी जवळपास तीन वेळा तुम्ही तोट्यात असाल, आणि तेही उत्तम खेळून. एक लाख डावांनंतरही साधारण चार टक्के शक्यता तोट्याची उरते.

आता हेच गणित उलटं करा. जो शंभर डावांमागे ५ हरतो, तोही १०,००० डावांनंतर दहापैकी जवळपास तीन वेळा नफ्यात असतो. त्याला वाटतं आपल्याला खेळ जमला. पुढे घसरण सुरू झाली की तो ‘वाईट काळ’ म्हणतो आणि वसुलीची वाट बघत बसतो. पण त्याच्या बाबतीत परत यायचं असं काही नसतंच. टेबलावरचा पैसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक मोठ्या पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) साइट रेक, म्हणजे आपलं कमिशन, कापते, त्यामुळे सगळ्यांची बेरीज शून्याच्या खालीच राहते. बहुतेक खेळाडू दीर्घकाळात तोट्यातच असणार. आपण त्यातलेच आहोत का, हे तपासायला निदान लाखभर डावांच्या नोंदी लागतात. तोपर्यंत सगळ्यात छोट्या टेबलावर, आणि गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढ्याच पैशांत खेळावं. उसने पैसे आणून तर कधीच नाही.