एक दाणा खाऊन काय होतं?

आज एका शाळेतून परत आले आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. कुकर लावायच्या आधी हे लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. शाळेचं नाव लिहिणार नाही. अमळनेरातलीच आहे, नावाजलेली आहे, तुमच्यापैकी काहींची मुलं तिथे जातात. लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी गेले होते. जन्मदाखला, आधार, फोटो, सगळं जोडलं. "काही आजार असल्यास" या रकान्यात लिहिलं, शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी, आणि डॉक्टरांचं पत्र सोबत लावलं. मुख्याध्यापकांनी पत्राच्या दोन ओळीही धड वाचल्या नाहीत. "मॅडम, एवढ्या मुलांत कोण कोणाच्या डब्यातलं खातंय, आम्ही कुठे बघत बसणार? तुम्ही दुसरीकडे बघा ना." फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी उठले तर वर म्हणाले, "आणि एक दाणा खाऊन काय होतं हो?"

काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. संक्रांतीचा दिवस होता. लेक तेव्हा बालवाडीत. त्याआधी घरी चटणीचं बोट चाटून एकदा तिच्या तोंडावर गांधी उठल्या होत्या. जळगावच्या डॉक्टरांनी तपासण्या करून अ‍ॅलर्जीचं निदान केलं होतं. मी बालवाडीच्या डायरीत पहिल्याच पानावर लाल पेनाने ते लिहून खाली मॅडमची सही घेतली होती. तरी संक्रांतीला तिच्या हातावर तिळगुळाचा लाडू ठेवला गेला. का, तर लाडू तिळाचा, त्यात दाणे कुठे दिसतात? आपल्याकडे तिळाच्या लाडवात कूट घालतात, हे खान्देशातल्या बाईला वेगळं सांगावं लागतं? लेकीने अर्धा खाल्ला आणि घशात टोचतंय म्हणाली. मग उलटी झाली. मॅडमनी पित्त समजून पाणी पाजलं, बाकावर निजवलं आणि मला फोन केला, "पोट बिघडलंय तिचं, घेऊन जा."

मी पोचले तेव्हा ती "आई" म्हणाली आणि तो आवाज माझ्या लेकीचा नव्हता. एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा घोगरा.

रिक्षा मिळाली, दवाखाना जवळ होता, डॉक्टर जागेवर होते. यातलं एक जरी चुकलं असतं तर मी आज शाळा शोधत फिरले नसते. डॉक्टरांनी केसपेपरसुद्धा काढू दिला नाही. तिला टेबलावर आडवं केलं, काचेच्या अँप्युलची मान कापसात धरून मोडली, सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई दिली. अ‍ॅड्रेनालीन. काही मिनिटांत तिचा श्वास सुटा झाला, ओठांचा रंग परत आला. मग रात्रभर ठेवून घेतलं, कारण असा झटका ओसरल्यावर काही तासांनी परत उलटू शकतो. ती अँप्युल किती स्वस्त असते हे मला नंतर मेडिकलवर कळलं आणि मी तिथेच रडले.

तर सर, एक दाणा खाऊन हे होतं.

हा प्रश्न मला सगळे विचारतात. सुरुवातीला सासूबाईही म्हणायच्या, "एक दाना खाईसन काय व्हस माय? आम्ही काय खायनूत नही का?" त्यांचा राग मी कधी केला नाही. ज्यांच्या घरात भुईमुगाच्या शेंगांची पोती पडलेली असायची, ज्यांनी भूक लागली की मूठभर दाणे आणि गुळाचा खडा हातावर घेतला, त्यांना दाण्यात विष असू शकतं हे कसं पटणार? पण संक्रांतीच्या त्या रात्री त्या दवाखान्यात खुर्चीवर बसून होत्या. तेव्हापासून घरात कूट करायचं तर मागच्या ओट्यावर, वेगळ्या मिक्सरच्या भांड्यात, आणि नंतर हात साबणाने धुऊनच नातीला जवळ घेतात. साबणानेच. सॅनिटायझरने दाण्याचं प्रोटीन निघत नाही, साबण-पाण्याने निघतं. सत्तरीच्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे कळलं, पाळता आलं. बी.एड. झालेल्या माणसांना "दुसरीकडे बघा" एवढंच सुचतं.

आता मला कुणी "मग शाळेत दाण्यांवर बंदी घाला म्हणतेस का" असं विचारू नका. मी ते कधीच म्हटलेलं नाही. खान्देशात राहून दाण्यांवर बंदी कोण मागेल? आपल्या भरतात दाणे, खिचडीत दाणे, ठेच्यात दाणे, उपवास म्हणजे तर दाणेच दाणे. ज्या मुलाच्या डब्यात भाकरी आणि दाण्याची चटणी एवढंच असतं, त्याच्या डब्याला हात लावायचा हक्क मला नाही, हे मान्य. शेजारच्या मुलाने दाणे खाल्ले म्हणून नुसत्या वासाने माझ्या लेकीला झटका येणार नाही, डॉक्टरांनी मला हे नीट समजावलंय. धोका पोटात जाण्याचा आहे. वाटून खाण्याचा आहे. हात न धुता तिच्या डब्यात घातलेल्या बोटांचा आहे. आपल्याकडे बाई मुलांना डबा वाटून खायला शिकवतात, ते चांगलंच आहे, मीही तसंच शिकले. तिच्यापुरतं फक्त एवढं हवं की ती आपल्याच डब्यातलं खाईल आणि कुणी आग्रह करणार नाही.

लोकांची अर्धवट माहिती हा आणखी एक ताप. कुणी सांगतं, कच्चे बाधतात, भाजून द्या. अहो, भाजल्यावर दाणा जास्त बाधतो. कुणी म्हणतं, तेलाने काही होत नाही. कारखान्यातल्या रिफाइंड तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही, ते बहुतेकांना बाधत नाही. पण सध्या सगळ्यांना लाकडी घाण्याचं तेल हवंय, आणि घाण्याच्या तेलात ते प्रोटीन राहतं. स्नेहसंमेलनाला समोसे कोणत्या तेलात तळले हे मी कोणाला विचारू? पाकीटबंद खाऊचं त्यातल्या त्यात बरं. एफएसएसएआय म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलच्या नियमांनुसार शेंगदाणा असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. वाढदिवसाला वाटलेल्या सुट्या चिक्कीवर कोण लिहिणार?

आणि हो, आपल्याकडे ही अ‍ॅलर्जी इंग्लंड-अमेरिकेपेक्षा कमी आढळते. मान्य. ज्याच्या घरात आहे त्याला त्या कमीचं काय करायचं?

मी हल्ली शाळेत गेले की इमारत बघत नाही, स्मार्ट बोर्ड बघत नाही. एकच प्रश्न विचारते. मुलीच्या अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज बसला, तर तुम्ही आधी काय कराल? बहुतेक शाळा म्हणतात, "तुम्हाला फोन करू." तिथेच माझ्या पोटात गोळा येतो. मलाही संक्रांतीला फोनच केला होता. मी पोचेपर्यंत तिचा आवाज गेला होता. मला फोन तिसऱ्या नंबरवर करा हो! आधी सुई, मग १०८, मग आई. एका शाळेत मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे अ‍ॅलर्जीचं सिरप असतं. सिरपने खाज कमी होते, गांधी बसतात. सुजलेला घसा आणि पडणारं ब्लडप्रेशर सिरपने सावरत नाही, त्याला अ‍ॅड्रेनालीनच लागतं, आणि ते लवकर लागतं. सिरप दिलं, आता बघू थोडा वेळ, या थोड्या वेळातच पोरं जातात.

बाहेरच्या देशांत पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, टोपण काढायचं आणि मांडीवर दाबायचं. आपल्या मेडिकलवर ते मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. म्हणून मी अँप्युल, सिरिंज, कापूस आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेल्या डोसाची चिठ्ठी एका डबीत घेऊन फिरते. हे औषध उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं, गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर फेकून द्यायचं. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याच्या वर्गात दप्तर तापतं. मग डबी दप्तरात ठेवता येत नाही, फ्रीजरमध्येही नाही. ऑफिसच्या सावलीतल्या, कुलूप नसलेल्या कपाटात ठेवायची, आणि ती कुठे आहे हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक हवं. यात शाळेचा खर्च किती? एक खण.

शिक्षक सुई द्यायला घाबरतात, हेही खरं. उद्या काही झालं तर अंगावर येईल. त्यात सर्वेक्षणं, निवडणुका, ऑनलाइन माहिती भरणं, त्यांच्या मागे कामं कमी नाहीत. कळतं मला.

पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते, चोपड्याकडे. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई आईकडे पापड न्यायला आल्या होत्या. लेकीचा विषय निघाला. त्या पटकन म्हणाल्या, "दाखव बरं कशी देतात." त्यांच्या काकांना शेतात मधमाश्या चावल्या होत्या तेव्हा डॉक्टरांनी हेच औषध दिलेलं त्यांनी पाहिलं होतं. मी रिकामी सिरिंज दिली. आईने परसातलं कच्चं केळं आणून दिलं. बाईंनी त्यात पाणी टोचून बघितलं, पुन्हा बघितलं, हात थरथरला तेव्हा थांबल्या आणि परत केलं. मग वहीच्या पानावर लिहून घेतलं: आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवत न्यायचं नाही. म्हणाल्या, "माझ्या वर्गात असती तर हे पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं असतं." मला काय वाटलं ते नाही लिहिता येत. मला त्या क्षणी गावालाच राहायला जावंसं वाटलं. पण नवऱ्याची नोकरी इथे, आणि बाईंची बदली होणार नाही याची हमी कोण देणार?

आणि म्हणूनच मला चीड येते. माझ्या लेकीचा जीव एखाद्या बाईच्या चांगुलपणावर का टांगलेला असावा? ब्रिटनमध्ये २०१७ पासून शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही ही तयार इंजेक्शनं घेऊन ठेवता येतात. आपल्याकडे शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्या पथकातल्या डॉक्टरांनी अर्धा तास थांबून दोन शिक्षकांना सुई धरायला शिकवलं तर काय बिघडेल? प्राथमिक आरोग्य केंद्रातून शाळेला एक डबी मिळाली तर? आणि सर, तुम्ही फॉर्म सरकवलात ना, शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम १३ एकदा वाचा. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही.

हे अमळनेर आहे. साने गुरुजी याच गावात शिक्षक होते, वसतिगृहातल्या आजारी मुलांची सेवा स्वतःच्या हाताने करायचे. त्यांच्या जयंतीला दरवर्षी तुमच्या शाळांत भाषणं होतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी तुम्हाला कपाटातला एक खण देता येत नाही?

लेक आत्ता बाजूला बसून चित्र काढतेय. मघाशी विचारत होती, "त्या शाळेत झोका आहे का?" मी म्हटलं, आपण दुसरी बघू. तिने कारण विचारलं नाही, नुसतं "बरं" म्हणाली. तिला सवय झालीय, आणि तेच मला सहन होत नाही.

१५ जूनला शाळा उघडतील. अमळनेरमध्ये, फार तर पारोळा किंवा धरणगावला, असा कुणी मुख्याध्यापक किंवा बाई तुमच्या ओळखीच्या असतील, ज्या माझ्या समोर बसून ते पत्र शेवटपर्यंत वाचतील, तर मला इनबॉक्समध्ये नंबर पाठवा. मराठी माध्यम, सेमी, काहीही चालेल. डबी, सिरिंज, चिठ्ठी, सगळं मी देईन, डॉक्टरांना शाळेत आणून शिकवायची व्यवस्थाही करीन, त्यांच्याशी बोलणं झालंय. आणि ज्यांची मुलं तिच्या वर्गात येतील त्यांनी वाढदिवसाचा खाऊ वाटायच्या आदल्या दिवशी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, मी वाचून लगेच कळवीन.