तास मोजले, महिने कोण मोजणार? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

हलक्या विमानांच्या इंजिनांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "इंजिन २००० तासांचं असतं. ६०० तासांत बिघडलं तर दोष बनवणाऱ्याचा, देखभालीचा नाही. बहुतेक अपघात वैमानिकाच्या चुकीने होतात. माझा भाऊ विमानांची देखभाल करतो, त्या लोकांना बदनाम करू नका." दोन दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

छोट्या विमानांच्या अपघातांत वैमानिकाच्या चुका सर्वात जास्त असतात, हे खरं आहे. आणि लेखात मी "मेकॅनिकचा हलगर्जीपणा" असं लिहिलं होतं, ते चुकलंच. ते वाक्य काढून टाकलं आहे.

२००० तासांचं मात्र पटत नाही. सेस्ना १७२ या छोट्या विमानांपैकी कित्येकांत असलेलं लायकॉमिंग कंपनीचं ओ-३२० इंजिन घ्या. ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायला, २००० तास सांगितलेत तशी १२ वर्षंही सांगितली आहेत, जे आधी भरेल ते. तेल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी बदलायचं. तासांचा आकडा मीटरवर दिसतो, महिने कुठेच दिसत नाहीत. घोळ तिथे होतो.

नाशिकमध्ये विमान म्हटलं की ओझरचं सुखोई डोळ्यांसमोर येतं. पण सेस्नाचं इंजिन त्यापेक्षा जुन्या बुलेटच्या जवळचं: हवेवर थंड होणारं. विहिरीवरचं डिझेल इंजिन अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली ठेवून दिवाळीत हँडल मारणाऱ्या आपल्या दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावावं लागणार नाही. उभं इंजिन गंजतं. लायकॉमिंगमध्ये तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की त्यावरचं तेल खाली ओघळतं आणि दमट हवेत उघड्या लोखंडावर गंजाचे बारीक टिपके धरतात. पुढच्या स्टार्टला ते टिपके टॅपेटचा (कॅमशाफ्टला टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) कडक पृष्ठभाग खरवडतात, मग लोब (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) झिजतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, ताकद हळूहळू कमी होते. "आठवड्याला दहा मिनिटं जमिनीवर चालवतो की" असं काही मालक सांगतात. त्याने उलट नुकसान होतं. तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही, आतलं पाणी आतच राहतं.

मी नाशिकच्या अंबडला वर्कशॉप चालवतो, वैमानिक नाही. पण गेल्या हिवाळ्यात एका छोट्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये तेलाचा फिल्टर कापताना जवळून पाहिला. डबा गोल कापला, आतला घडीचा कागद काढून पिळला आणि उन्हात पट्टीसारखा पसरला. मेकॅनिकने तो तिरपा धरला तेव्हा घड्यांमध्ये चंदेरी चमकी दिसली. चुंबक फिरवला, बरीचशी चिकटली. म्हणजे पोलाद, आतलं काहीतरी झिजतंय. "हे सिलिंडर काढून बघायला हवं," तो म्हणाला. फोनवर मालकाचं उत्तर आलं, "पुढच्या शंभर तासांच्या तपासणीला बघू." मेकॅनिकने कागद घडी करून पिशवीत ठेवला, वर तारीख आणि तास लिहिले आणि विमान उडायला ठीक असल्याची सही करायला नकार दिला. तुमचा भाऊही असाच माणूस असणार.

आता वैमानिकाची चूक. उड्डाणानंतर ५०० फुटांवर इंजिन गेलं तर सेस्नासारख्या विमानाला जमिनीवर यायला मिनिटही लागत नाही. तेवढ्यात समोर जागा शोधून उतरायचं असतं. घाबरून धावपट्टीकडे वळला, वेग गेला, विमान कोसळलं, तर ती त्याची चूक आहेच, मी नाकारत नाही. पण त्या वळणावर त्याला कोणी आणून ठेवलं? महिन्यांपूर्वी फिल्टरच्या कागदावर चमकी दिसली होती, आणि ती पाहूनही विमान उडवायचं ठरवणारा माणूस त्या दिवशी विमानात नव्हता. माझा राग त्या माणसावर आहे.

तुमच्या भावाला एक विचारून इथेच लिहाल का? चमकी दिसल्यावर विमान थांबवायचा शेवटचा शब्द त्याच्याकडे असतो, की मालकाच्या फोनची वाट बघावी लागते? त्याचं उत्तर मूळ लेखात घालायचं आहे, त्याचं नाव न देता.