टॉवेलचा दांडा

निवृत्तीनंतर आम्ही कुठे राहायचं, यावर ज्याला कुणी विचारलेलं नाही अशा प्रत्येकाचं ठाम मत आहे. मुलगा म्हणतो, आमच्याकडे या. मुलगी म्हणते, दादाकडे जा. (ती लहानपणापासूनच व्यवहारी.) मी म्हणतो, आहे तिथे काय वाईट आहे? ही काहीच म्हणत नाही. ही टेप काढते आणि मोजते.

त्या टेपपायीच मी एका रविवारी भर उन्हात, खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या संकुलाच्या दारात उभा होतो. जागा दाखवायला आलेल्या पोराने "काका, सावकाश" म्हणत माझा दंड धरला. तोवर मी धडधाकट चालत होतो. त्याने धरल्यापासून उगाचच लंगडायला लागलो.

"हा आपला रॅम्प!" पोरगा अभिमानाने म्हणाला.

हिने टेप लावली. तीन पायऱ्या, सहा-सहा इंची. "एक इंच चढाला १२ इंच लांबी लागते. म्हणजे रॅम्प १८ फूट हवा. हा तर ६ फुटांतच आटोपलाय."

"थोडा स्टीप आहे, काकू."

"याला घसरगुंडी म्हणतात."

मग वाचनालय झालं, कॅरमची खोली झाली, पोहण्याचा तलावही झाला. हातात दिलेल्या माहितीपत्रकातले म्हातारे इतके खदखदून हसत होते, की एकाचाही गुडघा दुखत नसावा. हिचं तिकडे लक्षच नव्हतं. मालकी मिळणार की नुसता राहण्याचा हक्क? सोडून गेलो तर डिपॉझिट लगेच परत, की नवं गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायचं? मेंटेनन्स दरवर्षी किती वाढवणार? एकजण अंथरुणाला खिळला तर इथेच बघणार, की "दुसरीकडे हलवा" म्हणणार?

"आणि हे गेल्यावर मला इथेच राहता येईल ना?"

मी शेजारीच उभा होतो. पोरगा ओशाळला. "असं काय बोलता काकू, काका चांगले शंभर वर्षं…"

"ते करारात कितव्या पानावर आहे?"

शेवटी बाथरूम. इथे आपणही काही कमी चौकस नाही हे दाखवावं म्हणून मी भिंतीवरचा चकचकीत दांडा धरला आणि सगळा भार टाकला. दांडा निघाला. स्क्रू निघाले, प्लग निघाले, टाइलचा एक टवका निघाला आणि मी दांड्यासकट थेट कमोडवर स्थानापन्न झालो.

"काका, तो टॉवेलचा आहे हो! आधाराचा दांडा ऑप्शनल आहे."

कमोडची उंची मात्र उत्तम होती. "१८ इंच," हिने मला न उठवताच मोजून सांगितलं.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी हिने आमच्या बाथरूमचं दार मोजलं. २६ इंच. व्हीलचेअरच साधारण २५ इंच रुंद असते. म्हणजे मी आत जाईन, पण हात बाहेर ठेवून. शिवाय दार आत उघडणारं. आत कुणी पडलं, तर दाराला त्याचंच शरीर अडणार आणि बाहेरचे नुसते हाका मारत बसणार. इतकी वर्षं त्या दाराने मी रोज आत-बाहेर करतोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मिस्त्री आला. आठ दिवस घरभर सिमेंटची धूळ. आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला. दार ३२ इंचांचं झालं, बाहेर उघडायला लागलं. कमोडशेजारी एक आणि शॉवरखाली एक असे स्टीलचे दांडे भिंतीत पक्के बसले. मी दोन्हींना लोंबकळून पाहिलं. मिस्त्रीने तोंड फिरवून हसून घेतलं.

कुठे राहायचं ते अजून ठरलेलं नाही. माहितीपत्रकांचा गठ्ठा टीव्हीखाली वाढतोच आहे.

परवा डोळ्यांत साबण गेला, पाय जरासा सरकला, म्हणून मी आधाराला हात टाकला. हातात काहीतरी ओलं, गुबगुबीत आलं आणि दांड्यावरून सरसर घसरू लागलं.

"अहो," बाहेरून आवाज आला, "टॉवेल वाळत घातलाय तिथे. खाली पाडू नका!"