मोडी वाचता येते, सीडी नाही

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस श्रद्धांजलीचा कार्यक्रम चालला होता. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हाही हेच. मला या गळे काढण्याचं हसू येतं. आमच्या पेठेत तारवाल्याची सायकल दारात थांबली की बायका आधी रडायला लागायच्या, मग कोण गेलं ते विचारायच्या. तारेवर प्रेम कुणाचं होतं ओ? पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आजही मिळतं, त्यावर शेवटचं कधी लिहिलंत ते सांगा.

सोपं साधन आलं की अवघड साधन जातं, त्याला माझी हरकत नाही. मी स्वतः डीटीपीवर, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून, पोट भरलेला माणूस. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारे कंपोझिटर आमच्यामुळेच घरी बसले. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. जुनं साधन गेल्यावर त्यात लिहिलेलं पुढच्याला वाचता येणार का, हे कुणी बघतच नाही.

मोडी या जुन्या मराठी लिपीचंच घ्या. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं ओवत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. पोथ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, पण हिशेब, फर्मानं, खतं सगळी मोडीत. हाताला ती वेगवान, छापायला मात्र किचकट. तिचे खिळे पाडलेच नाहीत असं नाही. बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडीतच छापला होता. पण छापखान्यात आणि शाळेत बाळबोध जिंकली आणि स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मोडी सरकारी दप्तरातूनही गेली.

गेली खरी, पण मेली नाही. आपल्या कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर दरबारची मोडी दप्तरं आहेत आणि ती वाचणारी माणसंही आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा राज्यभर मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांना लोक ‘रिकामटेकडा छंद’ म्हणून हसत होते, त्यांनाच बोलावणी जायला लागली. कागद टिकला होता, अक्षर ओळखणारा डोळा टिकला होता, म्हणून काम झालं.

आता आमच्या धंद्याची गंमत ऐका. एका तालमीची पोरं दुकानात आली. नव्वदच्या दशकात काढलेली स्मरणिका त्यांना पुन्हा छापायची होती. सोबत सीडी. म्हणाली, “काका, सगळं तयार आहे, फक्त प्रिंट मारायचं.” सीडी चालली, फाईलही उघडली. आत काय? इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, अंडरस्कोर, मध्येच एखादा कंस. वस्तादांच्या फोटोखाली त्यांचं नाव म्हणून नुसती खिचडी. कारण तेव्हाच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे. प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. श्रीलिपीचं आकृतीला कळत नाही, आकृतीचं शिवाजी फॉन्टला कळत नाही. तो नेमका फॉन्ट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा.

शेवटी एका जुन्या सभासदाच्या माळ्यावर छापील प्रत सापडली, तिच्यावरून सगळं परत टाईप केलं. त्याच ट्रंकेत तालमीच्या जुन्या जमाखर्चाचे मोडी कागद होते, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मोडीचा वर्ग केलेल्या एका पोरानं ते बसल्या बसल्या वाचून दाखवले: तांबडी माती किती आणली, तेल कितीचं. शंभरेक वर्षांचा कागद बोलला आणि आमची तीस वर्षांची सीडी मुकी!

युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, हा घोळ पुष्कळसा मिटवला. मोबाईलवर मराठी सहज लिहितो ती त्याचीच कृपा. २०१४ मध्ये तर मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे बोरूची लिपी संगणकात शिरली, पण खुद्द संगणकावर टाईप केलेलं ढीगभर मराठी बाहेरच राहिलं. लग्नपत्रिका गेल्या तर जाऊ देत, पण गावोगावच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, हौशी लोकांनी पदरमोड करून काढलेले गावाचे इतिहास, वंशावळी? त्यांची छापील प्रत नसेल तर काय करणार?

व्हॉट्सअ‍ॅपची तर बातच नको. वाटणीच्या बोलण्यापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं त्यात. मोबाईल पडला, बॅकअप नव्हता, संपला विषय.

मोडीचे वर्ग काढतो तसे जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणायचे वर्ग काढायला पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलेजच्या पोरांना सुट्टीत हे काम द्या. कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. मूळ प्रत शेजारी धरून ओळ न् ओळ तपासावी लागते.

तुमच्या मंडळाच्या, संस्थेच्या कपाटात अशा सीडी-फ्लॉप्या असतील तर काढा बाहेर. जुनं पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि त्या वेळचे काही फॉन्ट असलेली एक मशीन माझ्या दुकानात अजून चालू आहे. फ्लॉपीचा ड्राइव्ह कुरकुर करतोय, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. येताना छापील प्रत असली तर तीही आणा.