शाळेतील संगणकावर निबंध कसा लिहून घ्यावा

आपल्या शाळेला संगणक मिळाले असतील, तर मुलांच्या लेखनासाठी ते वापरण्याचा मोह आपल्यालाही होईल. तेव्हा थोडी खबरदारी आधीच घेतलेली बरी. संगणक कक्षाची किल्ली निवडणुकीच्या कामावर हमखास बाहेर असणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावी आणि लेखनाचा तास भारनियमनाच्या वेळेत टाकावा.

एवढे करूनही वीज आलीच, तर निबंध आधी वहीत लिहायला लावावा, तो लाल शाईने तपासावा आणि मगच टंकलिखित करवून घ्यावा. संगणकावर खाडाखोड दिसत नाही, शेवटचा परिच्छेद सुरुवातीला नेता येतो आणि मजकूर चारदा बदलला तरी सगळे पुन्हा उतरवून काढावे लागत नाही, ही गोष्ट वर्गात फुटता कामा नये. ती कळलेले पोर ‘सर, हे वाक्य अजून जमलं नाही, थांबा,’ असे म्हणू लागते. मग अभ्यासक्रम कधी पूर्ण व्हायचा?

विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हाच द्यावा. बीड जिल्ह्यातील एखाद्या मुलाने दिवाळीनंतरचे महिने आईवडिलांबरोबर ऊसतोडीवर काढलेले असतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, फडाजवळची झोपडीवजा कोपी, रात्री-बेरात्री भरायची गाडी हे सारे त्याला तोंडपाठ असते. अशा मुलापुढे कोरे पान ठेवणे धोक्याचे, कारण तो जे लिहील ते आपल्याला खरोखरच वाचावे लागेल. त्यापेक्षा इंटरनेटवरचा तयार निबंध त्याला उतरवून घेऊ द्यावा, म्हणजे हिरवा शालू नेसलेली धरती आणि खळाळणारे धबधबे यांनी पान सजते, आणि साऱ्या वर्गाचे निबंध एकसारखे असल्यामुळे एक वाचला की सगळे तपासून होतात.

फॉन्ट कृतिदेवच वापरावा. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ मध्येच, पहिल्या आवृत्तीत, स्थान मिळालेले आहे हे खरे. पण युनिकोडमधला मजकूर पालकांच्या साध्या मोबाइलवरही वाचता येतो, आणि मुलाचे लेखन घरी वाचले जाणे ही नसती उठाठेव आहे. कृतिदेवमधले पान, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडले, की रोमन अक्षरांची अशी गिचमिड दिसते की लिहिणाऱ्यालाही ते आपले वाटत नाही.

इतक्यावरही एखाद्या नव्या बाईंनी मुलांना स्वतःचा मसुदा सुधारू देण्याचा आग्रह धरलाच, तर दहावीची उत्तरपत्रिका हातानेच लिहायची असते, एवढे त्यांना ऐकवावे. शाळा तपासणीच्या दिवशी मुलांचे हात कळफलकावर ठेवून छायाचित्र काढावे; त्यात पडदा दिसत नसेल, तर यंत्र सुरू करण्याचीही गरज नाही.