टेस्टची डाळ शिजू देऊ नका

तुमच्या कोडवर कुणी सहज युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा तुकडा वेगळा काढून तपासणारा कोड) लिहून जात असेल, तर कुठेतरी तुम्ही ढिले पडला आहात.

सुरुवात कन्स्ट्रक्टरपासून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडपासून करा. ऑब्जेक्ट जन्माला येतानाच डेटाबेसचं कनेक्शन उघडा, कॉन्फिग फाइल वाचा, जमल्यास मेल सर्व्हरलाही उठवून ठेवा. नुसता व्याजाचा हिशोब तपासायला आलेल्या माणसाला आधी हा सगळा संसार मांडावा लागला पाहिजे. लागेल ती गोष्ट पॅरामीटर म्हणून बाहेरून मागणं म्हणजे हात पसरणं. आपलं आपण आतच 'न्यू' करावं, म्हणजे नवं बनवून घ्यावं.

सिंगलटन हवाच, म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच ऑब्जेक्ट. एका टेस्टनं त्यात ठेवलेली घाण दुसरीला नडते. टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की फेल. मग टीम दिवसभर एकमेकांकडे संशयानं बघते.

पण खरी कारागिरी घड्याळात आहे. 'मुदत_संपली()' असं फंक्शन लिहा. कंस रिकामे. आजची तारीख ते पोटातच सिस्टिमकडून घेईल. आता 29 फेब्रुवारीला ते काय उत्तर देतं हे ज्याला बघायचंय, त्यानं लीप वर्षाची वाट बघावी किंवा मशीनचं घड्याळ फिरवत बसावं. तीच तारीख बाहेरून दिली असती, तर कुठल्याही दुपारी एका ओळीत तपासून झालं असतं. त्यात कसली मजा? 2012 च्या 29 फेब्रुवारीला मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत सर्टिफिकेटची अंतिम तारीख काढताना सालात फक्त एक मिळवला गेला. तयार झाली 29 फेब्रुवारी 2013, जी कुठल्याच कॅलेंडरात नाही. सर्टिफिकेट बनेना, आणि जगभरातल्या ग्राहकांच्या सेवा आडव्या झाल्या. असा मुहूर्त चार वर्षांतून एकदाच येतो, तो टेस्टमध्ये वाया घालवू नये.

एवढं करूनही कुणी टेस्टचा हट्ट धरलाच, तर सगळंच मॉक करा, म्हणजे खऱ्या भागांच्या जागी पढवलेलं उत्तर देणारी सोंगं बसवा. मॉकला '42' म्हणायला सांगा आणि मग तो '42' म्हणाला का, ते तपासा. (म्हणतो. दर वेळी म्हणतो.)

आणि कव्हरेजचा, म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या त्याचा, आकडा मागितला, तर प्रत्येक फंक्शनला एकदा नुसती हाक मारून सोडा. असर्ट (उत्तर बरोबर आहे का ते तपासणारी ओळ) लिहायचं कारण नाही. ओळ चालली की मोजली जाते, उत्तर बरोबर आलं का हे कव्हरेज टूल विचारत नाही. रिपोर्ट हिरवागार येईल. त्याचा स्क्रीनशॉट मॅनेजरला पाठवा आणि रिलीज शुक्रवारी संध्याकाळी ठेवा.