जाहिरात आठवते, पण वस्तू आठवते का?

फेविकॉलच्या जाहिराती घडवणारे जाहिरातकार पीयूष पांडे गेले त्या दिवशी, २४ ऑक्टोबर २०२५ ला, माझ्या फीडवर फेविकॉलची बस धावत होती. राजस्थानातला उजाड, खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता. टपावर, दारात, खिडक्यांना लटकलेली माणसंच माणसं. बस गचके खाते, कलते, सगळा घोळका एका लयीत इकडून तिकडे झुलतो, पण पडत कुणीच नाही. कुणी एक शब्दही बोलत नाही. बस पुढे जाते, मागे लावलेली फेविकॉलची पाटी दिसते, संपलं. दिग्दर्शन त्यांचे धाकटे भाऊ प्रसून पांडे यांचं. २००२ साली फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवात तिला सिल्व्हर लायन मिळाला.

ही जाहिरात गमतीशीर आहे म्हणून टिकली, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. गमतीशीर जाहिराती ढिगाने येतात आणि आठवड्यात विसरल्या जातात. ही टिकली, कारण तिच्यातून फेविकॉल काढून घेतलं तर हातात काहीच राहत नाही, नुसती गर्दीची बस उरते. अंडं फुटता फुटत नाही, ढाबेवाला वैतागून मागे जाऊन बघतो तर कोंबडी फेविकॉलच्या डब्यातलं दाणापाणी खातेय, ही दुसरी जाहिरातही तशीच. वस्तूचा गुण हीच गोष्ट.

आणि वस्तू तरी कोणती? १९५९ साली फेविकॉल बाजारात आलं ते सुतारांसाठी. त्याआधी सरस वापरायचे, जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला. तो तापवायचा, वास सहन करायचा, थंड व्हायच्या आत फळ्या जोडायच्या. फेविकॉलने सुताराची ती कटकट संपवली. पण घरमालकाला त्याचं काय? कपाट झालं की डिंक आतच राहतो, कुणाच्या नजरेलाही पडत नाही. अशी न दिसणारी वस्तू घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी बसवणं किती अवघड होतं, याचा विचार केला की त्या कामाबद्दलचा आदर वाढतो.

माझी एक कसोटी आहे. आवडलेली जाहिरात कुणाला तरी तोंडी सांगून बघा. वस्तूचं नाव न घेता गोष्ट पुरी झाली, तर पैसे वाया गेले असं समजावं.

आता दिवाळीत येणाऱ्या तीन-तीन मिनिटांच्या फिल्म्स या कसोटीला लावा. परदेशी गेलेला मुलगा, वाट बघणारी आई, पियानो, शेवटी दारावरची बेल. डोळे पाणावतात, नाकारत नाही. मग कोपऱ्यात एक लोगो येतो. तो बँकेचा होता, मिठाईचा होता की पंख्यांचा? दुसऱ्या दिवशी विचारा. तिथे कुठलाही लोगो चालला असता, आणि म्हणूनच कुठलाच लक्षात राहत नाही. अभिनय चांगला, छायाचित्रण सुंदर, आणि एवढी मेहनत वाऱ्यावर जाते याचं मला खरोखर वाईट वाटतं.

याउलट सर्फच्या जुन्या जाहिरातीतल्या ललिताजी. निरमाच्या स्वस्ताईपुढे सर्फची अडचण झाली होती. सर्फ महाग, हे लपवता येण्यासारखं नव्हतं. लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलिक पदमसींनी ते लपवलंच नाही. भाजीवाल्याशी पैशापैशासाठी घासाघीस करणारी, साधी साडी नेसलेली, कुणाला न बधणारी बाई उभी केली आणि तिलाच विचारलं, मग सर्फ महाग असून का घेता? ती फडाफड हिशेब मांडते: अर्धा किलो सर्फ म्हणजे स्वस्तातल्या पावडरचा एक किलो. पदमसींनी ही बाई बेतली होती स्वतःच्या आईवरून. अभिनेत्री कविता चौधरींनी ती अशी उभी केली की आजही चोख हिशेबाच्या बाईला लोक ललिताजी म्हणतात. तो माणूस कुणीतरी जवळून पाहिलेला होता, हे पडद्यावर कळतं.

मोठे चेहरे घेऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. पल्स पोलिओसाठी अमिताभ बच्चन होते. त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यासारखं रागावून सुनावलं, डोस द्यायला का आला नाहीत म्हणून. त्यांचा तो राग देशाला आधीपासून ठाऊक होता, तोच कामाला लावला. घरोघर, वाडीवस्तीवर पायपीट करणाऱ्या आरोग्यसेविकांचं श्रेय त्याहून कितीतरी मोठं, हेही सांगायलाच हवं. जानेवारी २०११ नंतर देशात जंगली विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता आयपीएलच्या दोन षटकांमध्ये एकच खेळाडू बनियन, सिमेंट आणि मोबाइल ॲप विकताना दिसतो. त्यातलं त्याचं असं काय वापरलं? फक्त तोंडवळा.

मराठीबद्दल तर जास्तच तळमळून बोलावंसं वाटतं. मराठी वाहिन्यांवर दिसणाऱ्या बहुतेक जाहिराती हिंदीत लिहून, हिंदीत चित्रित करून वर मराठी आवाज चिकटवलेल्या असतात. ओठ वेगळं बोलतात, कान वेगळं ऐकतात. स्वयंपाकघर कुठलं, सण कुठला, सासूने सुनेला हाक कशी मारली, कशाचाच मेळ नसतो. फेविकॉलच्या बसला डबिंग लागलंच नाही, ती सगळ्यांची झाली. पण जिथे बोलायचंच आहे तिथे आपला माणूस कुणीतरी आधी बघायला हवा ना? दादरच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून मुळाशी कुजली नाही ना हे बघणारी बाई आहे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे काका आहेत. मराठीत उत्तम लिहिणारी मुलं-मुली जाहिरात एजन्सींमध्ये आहेत, आणि त्यांच्या हातात येतो तो भाषांतराचा कागद, तोही संध्याकाळी, उद्या सकाळी रेकॉर्डिंग आहे म्हणून. ब्रँड सांभाळणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगणं: पुढच्या वेळी ब्रीफ, म्हणजे जाहिरातीत काय सांगायचंय त्याचा कागद, आधी त्यांना द्या.